जुन्या पीसीत मोठी हार्ड डिस्क पूर्ण दिसत नाही? आधी आकडा वाचा

४ टीबीची नवीकोरी हार्ड डिस्क जुन्या पीसीला लावली आणि पडद्यावर १६७८ जीबी दिसले, की पहिला संशय दुकानदारावर जातो. बहुतेक वेळा त्याचा काही दोष नसतो. डिस्कही ठणठणीत असते. डिस्क आणि तुमचा माऊस यांच्यामध्ये पाच-सहा टप्पे असतात: केबल आणि कंट्रोलर (डिस्क सांभाळणारी चिप), बायोस (पीसी चालू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम), ड्रायव्हर (विंडोज आणि चिप यांच्यातला दुभाषा), पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याचा तक्ता), फाइल सिस्टम (फायली मांडून ठेवण्याची पद्धत). यातल्या एखाद्याला मोठी संख्या मोजताच येत नाही. गंमत अशी की प्रत्येक टप्प्याची मोजण्याची मर्यादा वेगळी आहे, त्यामुळे पडद्यावर दिसणारा चुकीचा आकडाच गडबड कुठे आहे ते सांगतो. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी आणि 'फॉरमॅट मारून बघू' म्हणण्याआधी तो आकडा कागदावर लिहून घ्या.

उदाहरणासाठी मी आपल्याकडे अजून ढिगाने चालू असलेला पीसी धरतो: २००८ ते २०१० च्या आसपास असेंबल केलेला, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी३१ किंवा जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर विंडोज ७ किंवा कसाबसा चढवलेला विंडोज १०. याहून जुना, आयडीई पट्टीवाला (डिस्कला रुंद चपटी केबल असलेला) किंवा विंडोज एक्सपीवाला पीसी असेल तर त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आकडा कुठे बघायचा

तीन ठिकाणी बघा आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा.

पहिलं ठिकाण बायोस. पीसी चालू होताना डिलीट की दाबा (काही कंपन्यांच्या मशिनवर एफ२ किंवा एफ१०) आणि डिस्कच्या नावासमोर किती जीबी आहेत ते बघा.

दुसरं, डिस्क मॅनेजमेंट. विंडोज ७ मध्ये 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, मग 'मॅनेज', मग डाव्या यादीत 'डिस्क मॅनेजमेंट'. विंडोज १० मध्ये विंडोजची की आणि एक्स एकत्र दाबली की मेनूतच येतं. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसते. डावीकडच्या करड्या चौकोनात 'डिस्क ०', 'डिस्क १' असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली एकूण क्षमता.

तिसरं म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटंसं मोफत सॉफ्टवेअर. डिस्क स्वतःबद्दल काय सांगते ते हे दाखवतं. याचा अहवाल कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला तर क्षमतेच्या ओळीत एकाच डिस्कसाठी ८.४, १३७.४ आणि खरी क्षमता असे आकडे शेजारी शेजारी दिसतात. पहिले दोन म्हणजे जुन्या मोजणीपद्धती कुठपर्यंत पोचत होत्या त्याच्या खुणा. डिस्क बिचारी जुन्या पीसींना समजावं म्हणून अजूनही ते आकडे सांगत असते.

आता तुमचा आकडा खालच्यापैकी कशाशी जुळतो ते बघा.

- १ टीबीचे ९३१, २ टीबीचे १८६३, ४ टीबीचे ३७२६, ८ टीबीचे ७४५२ जीबी: काहीही हरवलेलं नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. लेख इथेच बंद करा आणि डिस्क वापरायला घ्या.
- २०४८ जीबी आणि उरलेला तुकडा वेगळा, 'अनअलोकेटेड' म्हणून पडून: पार्टिशन टेबल जुन्या पद्धतीचं, म्हणजे एमबीआर आहे. सोपं काम.
- ३ टीबीची डिस्क ७४६, ४ टीबीची १६७८, ६ टीबीची १४९३, ८ टीबीची १३०८ जीबी: ड्रायव्हर, कंट्रोलर किंवा यूएसबीचा डबा (डिस्क बाहेरून जोडण्याचं खोकं) यांपैकी कोणीतरी मोजताना चुकतंय. थोडं जपून.
- १२८ जीबीच्या आसपास, मग डिस्क कितीही मोठी असो: आयडीई काळातली मर्यादा.
- ३१ ते ३२ जीबी: डिस्कवरचा जम्पर (दोन पिनांवर बसणारी चिमुकली टोपी), किंवा कोणीतरी डिस्कची क्षमता मुद्दाम कापून ठेवली आहे.
- डिस्क दिसतच नाही: वीज, केबल किंवा वेगाचा जम्पर.

बायोसमध्ये हेच आकडे कधी १००० च्या हिशोबात असतात, त्यामुळे ७४६ ऐवजी ८०१ किंवा १६७८ ऐवजी १८०१ दिसले तर गोंधळू नका. दुखणं तेच.

२०४८ हा आकडा आला कुठून

एमबीआर ही पद्धत १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आली. त्या काळी १० एमबीची हार्ड डिस्क म्हणजे चैन होती. या पद्धतीत पार्टिशन कुठून सुरू होतं आणि किती मोठं आहे हे ३२ बिटांच्या, म्हणजे ३२ शून्य-एकांच्या, आकड्यात लिहितात. डिस्कचा एक सेक्टर, म्हणजे मोजणीचा सर्वांत लहान तुकडा, ५१२ बाइटांचा. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ केलं की येतात २,१९९,०२३,२५५,५५२ बाइट, म्हणजे विंडोजच्या हिशोबात नेमके २०४८ जीबी. याच्या पुढचं काही लिहायला त्या तक्त्यात घरच नाही.

१६७८ ची गोष्ट जरा वेगळी. इथे तक्ता नाही, तर मोजणारा ड्रायव्हर किंवा चिप ३२ बिटांत अडकलेली असते. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ झाला की पुन्हा शून्यावर येतो, तसं हिचं होतं. ३७२६ मधून २०४८ एकदा वजा झाले, उरले १६७८. ८ टीबीच्या डिस्कवर तीन वेळा वजा होतात, म्हणून तिथे १३०८. त्यामुळे मोठी डिस्क लावल्यावर छोटीपेक्षा कमी जागा दिसू शकते.

हे केवळ दिसण्यापुरतं असतं तर गोष्ट वेगळी. पण असा ड्रायव्हर किंवा डबा दोन टीबीच्या पलीकडे लिहायला गेला तर तो मजकूर डिस्कच्या सुरुवातीला, तुमच्या जुन्या फायलींवर आणि पार्टिशन टेबलावर जाऊन बसू शकतो. म्हणून १६७८ किंवा ७४६ दिसत असताना त्या डिस्कवर काहीही लिहू नका. दुसऱ्या पीसीवर भरलेली डिस्क तुमच्याकडे अशी दिसली आणि विंडोजने 'फॉरमॅट करू का' असं विचारलं, तर फक्त कॅन्सल.

डेटासाठी की विंडोजसाठी, हे आधी ठरवा

माझा सल्ला स्पष्ट आहे: जुन्या पीसीत मोठी डिस्क फक्त डेटासाठी ठेवा. विंडोज जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर राहू द्या, किंवा १२०–२५० जीबीचा साटा (आयडीईनंतरच्या बारीक केबलचा) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घेऊन त्यावर टाका.

याला कारण आहे. बायोसला डिस्क मोजता येणं हे फक्त पीसी चालू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांसाठी लागतं. एकदा विंडोज किंवा लिनक्स मेमरीत आलं, की ते बायोसला विचारत बसत नाही, आपल्या ड्रायव्हरमार्फत थेट डिस्कशी बोलतं. म्हणजे बायोसमध्ये १८०१ जीबी दिसत असले तरी विंडोजच्या आत ३७२६ दिसू शकतात, आणि डेटा डिस्कसाठी तेवढं पुरतं. मोठ्या डिस्कवरूनच बूट करायचा, म्हणजे विंडोज सुरू करायचा, हट्ट धरला तर मात्र बायोस, चिपसेट, विंडोजची आवृत्ती सगळ्यांचे नखरे सांभाळावे लागतात. शिवाय एसएसडीमुळे तो जुना पीसी जेवढा पळायला लागेल, तेवढा दुसऱ्या कशानेही पळणार नाही.

डिस्क बसवताना

पीसी बंद, प्लग भिंतीतून काढलेला, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावून घेतलेला. साटा केबलचं टोक एल आकाराचं असतं, उलटं बसत नाही, जोर करू नका.

विजेचं मात्र बघा. ३.५ इंची मोठी डिस्क फिरायला लागते तेव्हा १२ व्होल्टवर दोनएक अँपियर ओढते. दहा-बारा वर्षं चाललेल्या स्वस्त एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याला, हे जड जातं. डिस्क टिक टिक करून थांबते, परत फिरते, परत थांबते. असा आवाज आला तर डिस्कला दोष देण्याआधी दुसऱ्या एसएमपीएसवर लावून बघा.

काही नव्या मोठ्या डिस्क, विशेषतः एक्स्टर्नल डब्यातून काढलेल्या किंवा सर्व्हरसाठी बनवलेल्या, जुन्या एसएमपीएसच्या साटा वायरवर फिरतच नाहीत. त्यांच्या पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क त्याचा अर्थ 'बंद राहा' असा घेते. उपाय स्वस्त आहे. चार पिनांच्या जुन्या मोलेक्स वायरवरून साटा पॉवर देणारा जोड मिळतो, त्यात ३.३ व्होल्टची तार नसते. तो जोड लावला की डिस्क फिरते. जोड घेताना फक्त अगदी हलका, एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेला घेऊ नका, ते तापून वितळल्याची उदाहरणं आहेत. तारा दाबून बसवलेला, नीट वेगळ्या दिसणारा घ्या.

आणखी एक जुनं दुखणं: व्हीआयए कंपनीच्या व्हीटी८२३७ चिपच्या मदरबोर्डांना जास्त वेगाच्या साटा डिस्कशी वेग ठरवताच येत नाही आणि डिस्क दिसतच नाही. काही डिस्कवर वेग १.५ गिगाबिटवर बांधून ठेवणारा जम्पर असतो, तो लावला तर चालते. तशी सोय डिस्कवर नसेल तर सरळ मदरबोर्डच्या खाचेत बसणारं पीसीआय साटा कार्ड घ्या.

बायोसमध्ये शिरलाच आहात तर साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, 'आयडीई' आहे की 'एएचसीआय' ते फक्त बघून ठेवा. बदलू नका. चालू विंडोज ७ खाली हा मोड असाच बदलला तर पुढच्या वेळी निळा पडदा येतो. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की बायोस आपोआप मूळ सेटिंगवर जातो आणि हाच मोड गुपचूप बदलतो, त्यामुळे घड्याळ मागे पडत असेल तर आताच नवा सेल टाका.

डिस्क रिकामी असेल तर: जीपीटी करून घ्या

एमबीआरच्या जागी आलेली पद्धत म्हणजे जीपीटी. यात आकडे ६४ बिटांत लिहितात, त्यामुळे आपल्या हयातीत तरी जागा कमी पडणार नाही. विंडोज व्हिस्टा सर्व्हिस पॅक १ पासून पुढचं प्रत्येक विंडोज जीपीटीची डेटा डिस्क वाचतं, ३२ बिट असलं तरी. बायोस जुना असला तरी चालतं.

डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर नवी डिस्क असेल तर विंडोज स्वतःच 'इनिशियलाइज डिस्क'ची चौकट दाखवतं आणि एमबीआर की जीपीटी असं विचारतं. जीपीटी निवडा. ही चौकट न वाचता ओके दाबल्यामुळेच अर्ध्या लोकांच्या डिस्क २०४८ वर अडकतात, असा माझा समज आहे.

चुकून एमबीआर झालं असेल तर पट्टीवर २०४८ जीबीचा एक तुकडा आणि १६७८ जीबीचा दुसरा तुकडा दिसेल, आणि दुसऱ्यावर राइट क्लिक केलं तर मेनूतलं जवळपास सगळं फिकट. अशा वेळी:

१. डिस्कवर खरोखर काही कामाचं नाही याची खात्री करा.
२. तिच्यावर पार्टिशन असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'डिलीट व्हॉल्यूम'.
३. आता डावीकडच्या करड्या चौकोनावर, म्हणजे 'डिस्क १' लिहिलं आहे तिथे, राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क'. पट्टीवर राइट क्लिक केलं तर हा पर्याय सापडत नाही, चौकोनावरच करायला हवं.
४. दोन्ही तुकडे एक होतील. त्या अखंड पट्टीवर राइट क्लिक, 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम', पुढे पुढे जात फाइल सिस्टम एनटीएफएस, अलोकेशन युनिट 'डिफॉल्ट', आणि 'क्विक फॉरमॅट'वर खूण.

क्विकची खूण काढली तर विंडोज अख्खी डिस्क पुसत बसतं. जुन्या पीसीवर ४ टीबीला सात-आठ तास सहज जातात. तेवढा वेळ द्यायचाच असेल तर तो शेवटी सांगितलेल्या चाचणीत घालवा, त्यातून जास्त कळतं.

'कन्व्हर्ट' फिकटच राहिलं तर डिस्कपार्ट वापरावं लागतं. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि एकेक आज्ञा टाइप करून एंटर दाबा: डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क. यादीत आकार बघून आपला क्रमांक ओळखा. मग सिलेक्ट डिस्क आणि तो क्रमांक, मग डिटेल डिस्क. या शेवटच्या आज्ञेने डिस्कचं मॉडेल दिसतं, ते डिस्कच्या लेबलशी ताडून बघा. त्यानंतरच क्लीन, आणि शेवटी कन्व्हर्ट जीपीटी. इंग्रजी स्पेलिंग उच्चाराप्रमाणेच आहेत.

'क्लीन' ही आज्ञा 'नक्की का?' असं विचारत नाही. विंडोज ज्या डिस्कवर चालू आहे ती डिस्क या आज्ञेने पुसली जात नाही, पण शेजारच्या डेटा डिस्कवर, जिच्यात लग्नाचे फोटो आहेत, तिच्यावर ती बिनदिक्कत चालते. म्हणून हे काम करताना बाकीच्या डेटा डिस्कच्या केबल काढून ठेवा. पाच मिनिटं जातात, झोप जात नाही.

डिस्कवर आधीच डेटा असेल तर

विंडोजची स्वतःची डिस्क मॅनेजमेंट भरलेली डिस्क जीपीटी करत नाही. लिनक्सवरचं जीडिस्क हे साधन एमबीआरचं जीपीटी डेटा न हलवता करू शकतं, पण नवख्याने ते बॅकअपशिवाय करू नये, आणि बॅकअप असेल तर मग पुसून नव्याने करणंच सोपं पडतं. उसनी डिस्क आणा, डेटा हलवा, जीपीटी करा, परत आणा.

जुनी ५०० जीबीची डिस्क क्लोन करून, म्हणजे हुबेहूब नक्कल करून, ४ टीबीवर टाकली की ती अशीच २०४८ वर अडकते. क्लोन करताना जुनं एमबीआरही जसंच्या तसं येतं.

जीपीटी करूनही १६७८ किंवा ७४६ दिसत असतील तर

आता ड्रायव्हरकडे वळा. इंटेलच्या चिपसेटवर सर्वांत नेहमीचा गुन्हेगार म्हणजे इंटेलचा साठवणीचा ड्रायव्हर, रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी. १०.१ च्या आधीच्या आवृत्त्यांना २.२ टीबीच्या (म्हणजे विंडोजच्या २०४८ जीबीच्या) पुढे मोजता येत नाही. मदरबोर्डबरोबर आलेल्या सीडीवरून ड्रायव्हर टाकला असेल तर तुमच्याकडे हमखास तीच जुनी आवृत्ती असणार. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रॅमच्या यादीत आवृत्ती बघा. नवी मिळाली तर टाका. न मिळाली तर डिव्हाइस मॅनेजरमधून मायक्रोसॉफ्टचा साधा एएचसीआय किंवा आयडीई ड्रायव्हर निवडा. विंडोज ७ च्या या साध्या ड्रायव्हरला मोठ्या डिस्कचं वावडं नाही. रेड (दोन-तीन डिस्क जोडून एक केलेली मांडणी) लावलेली असेल तर मात्र हा दुसरा मार्ग नको, रेड मोडेल.

मदरबोर्डवर दोन प्रकारचे साटा पोर्ट असतात हेही पुष्कळांना माहीत नसतं. काही पोर्ट मुख्य चिपसेटचे, आणि वेगळ्या रंगाचे एक-दोन पोर्ट दुसऱ्याच कंपनीच्या छोट्या चिपचे. डिस्क त्या छोट्या चिपवर लागली असेल तर ती चिपसेटच्या पोर्टवर लावून बघा. एवढ्यानेच काम झालेलं दिसतं.

यूएसबीचा डबा किंवा डॉक असेल तर त्याच्या आतली चिप जुनी असू शकते. बरेच जुने डबे दोन टीबीच्या पुढे जात नाहीत, आणि त्यावर सॉफ्टवेअरने काही इलाज नाही. डबा बदला.

डब्यांची आणखी एक चलाखी आहे. एक्सपीवरही मोठी डिस्क चालावी म्हणून काही डबे ५१२ ऐवजी ४०९६ बाइटांचा सेक्टर सांगतात. मग ३२ बिटांतच आठ पट जागा मोजता येते आणि एमबीआरवरही १६ टीबीपर्यंत चालतं. अडचण तेव्हा येते जेव्हा डबा बिघडतो आणि तुम्ही आतली डिस्क काढून थेट साटावर लावता. सेक्टरचा हिशोबच बदलल्यामुळे विंडोजला पार्टिशन दिसत नाही. डेटा गेलेला नसतो. घाबरून फॉरमॅट करू नका, तशाच जातीच्या दुसऱ्या डब्यात डिस्क घालून बघा. डबा चालू असतानाच तपासायचं असेल तर स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधा, त्यात कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स या क्रमाने गेलात की 'बाइट्स पर सेक्टर'चा आकडा मिळतो.

एक्सपी असेल तर

३२ बिटांचं एक्सपी जीपीटी वाचूच शकत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये फक्त 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' असं लिहिलेलं येतं आणि पुढे काहीच करता येत नाही. म्हणजे सरळ मार्ग दोन: २ टीबीपर्यंतचीच डिस्क लावा, किंवा वर सांगितलेला ४०९६ वाला डबा वापरा. नवीन डिस्कचे भौतिक सेक्टर बहुधा ४०९६ बाइटांचेच असतात आणि एक्सपी पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं, त्यामुळे जुळणी बिघडून लिहिण्याचा वेग पडतो. पार्टिशन एक्सपीमध्ये न करता विंडोज ७ किंवा त्यापुढच्या पीसीवर करून आणा, तिथे ते बरोबर १ एमबीच्या हद्दीपासून सुरू होतं.

कारखान्यातल्या मशिनला किंवा प्रयोगशाळेतल्या उपकरणाला जोडलेलं एक्सपी बदलता येत नाही हे मान्य. पण घरी फक्त सवय म्हणून ठेवलं असेल तर त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ लाच काढून घेतला आहे. त्याच जुन्या मशिनवर हलकं लिनक्स टाका, मोठी डिस्क काहीही न करता दिसेल.

आयडीई पट्टीवाला पीसी आणि १२८ जीबी

इथे मर्यादा २८ बिटांची. २ चा २८ वा घात गुणिले ५१२ म्हणजे कंपनीच्या हिशोबात १३७ आणि विंडोजच्या हिशोबात १२८ जीबी. पुढे ४८ बिटांची पद्धत आली आणि ती विंडोज एक्सपीमध्ये सर्व्हिस पॅक १ पासून मिळाली. म्हणून आधी सर्व्हिस पॅक ३ टाका. विंडोज २००० असेल तर सर्व्हिस पॅक ३ किंवा ४ टाकून वर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, 'एनेबलबिगएलबीए' ही नोंद १ करावी लागते.

त्यानेही बायोस ऐकत नसेल तर बायोस अपडेट. आज एवढ्या जुन्या बोर्डाचा अपडेट मिळवणं आणि फ्लॉपीवरून तो चढवणं हे छंद असेल तरच करा. स्वतःचा बायोस असलेलं पीसीआय कार्ड त्याहून सोपं आणि सुरक्षित. डिस्कच्या सुरुवातीला स्वतःचा कोड बसवून बायोसला फसवणारी जुनी सॉफ्टवेअरं नकोतच. ती चालतात, पण डिस्क दुसरीकडे लावली की सगळा पसारा.

३२ जीबी दिसत असतील तर आयडीई डिस्कच्या मागचे जम्पर बघा. काही बायोस ३३.८ जीबीच्या पुढची डिस्क पाहिली की गोठून जात, म्हणून कंपन्यांनी क्षमता ३२ वर कापणारा जम्पर दिला होता. जम्परचा नकाशा डिस्कच्या लेबलवरच असतो. साटा डिस्कवर असं झालं असेल तर डिस्कचा मागचा भाग लपवून ठेवलेला असतो. सीगेटच्या सीटूल्सच्या डॉस आवृत्तीत क्षमता मूळ आकड्यावर नेण्याचा पर्याय आहे, आणि लिनक्सवर एचडीपार्म हेच काम करतं.

मोठ्या डिस्कवरूनच बूट करायचं असेल तर

विंडोजला जीपीटी डिस्कवरून बूट व्हायला यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी, लागतं. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड'समोर 'लेगसी' आहे की 'यूईएफआय' ते विंडोज १० वर बघता येतं. २०११–१२ नंतरच्या बऱ्याच बोर्डांवर यूईएफआय असतं, फक्त विंडोज जुन्या पद्धतीने टाकल्यामुळे 'लेगसी' दिसतं. तिथे ६४ बिट विंडोज १० ची १७०३ किंवा पुढची आवृत्ती असेल तर एमबीआरटूजीपीटी हे विंडोजमधलंच साधन डेटा न पुसता डिस्क बदलून देतं. आधी त्याचा 'व्हॅलिडेट' पर्याय चालवा, मग बदल, मग बायोसमध्ये जाऊन बूट मोड यूईएफआय करा. बॅकअप मात्र हवाच.

जी३१, जी४१ वर यूईएफआय नसतं, त्यामुळे तिथे विंडोजचा मार्ग बंद. लिनक्स बायोसवरही जीपीटी डिस्कवरून उठतं. त्यासाठी १ एमबीचं 'बायोस बूट' पार्टिशन करावं लागतं, आणि बूटचं पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीला, पहिल्या दोन टीबींच्या आत ठेवावं लागतं, कारण सुरुवातीचं वाचन बायोसच करतो.

सगळं दिसलं, आता तपासा

३७२६ दिसले म्हणजे ३७२६ लिहिता येतात असं नाही. कामाचा डेटा टाकण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत साधन चालवा (लिनक्सवर एफथ्री). ते डिस्क शेवटपर्यंत १ जीबीच्या फायलींनी भरतं आणि मग एकेक वाचून बघतं. एखादा टप्पा शून्यावर परत येत असेल तर इथे उघडा पडतो. ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या '१६ टीबी' पेनड्राइव्हचं पितळही याच चाचणीत बाहेर येतं.

वेळ लागतो. ४ टीबीला साटावर सेकंदाला १०० एमबी धरले तरी लिहायला ११ आणि वाचायला ११ तास. यूएसबी २ वर तर नुसतं लिहायलाच दीड दिवस, त्यामुळे ही चाचणी साटावरच करा, आणि इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर भारनियमनाचा दिवस टाळून. पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप बंद करायला विसरू नका. चाचणी संपली की पीसी एकदा पूर्ण बंद करून चालू करा आणि पार्टिशन जागेवर आहे का बघा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून वापरलेली डिस्क आणली असेल तर चाचणीच्या आधी आणि नंतर क्रिस्टलडिस्कइन्फोमधल्या 'रीअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर्स' या दोन ओळींचा फोटो काढून ठेवा. 'रॉ व्हॅल्यूज'चा रकाना सोळाच्या हिशोबात असतो, पण शून्य हे शून्यच. चाचणीनंतर यांतला एखादा आकडा वाढला असेल तर बदलून मागण्याची मुदत संपायच्या आत डिस्क दुकानात परत न्या.